सरांच्या डायऱ्या: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२५

२० जानेवारी, सोमवार

काल रात्री खो-खोच्या पहिल्या वर्ल्ड कपची फायनल झाली, दिल्लीला इंदिरा गांधी स्टेडियममध्ये. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० नी हरवलं, मुलांनी ५४-३६ नी, आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मी पुण्यात घरी एकटीच बघत होते, दुसऱ्या टर्नपासून उभीच राहिले, बसवेना. मॅच संपल्या संपल्या शाळेतल्या आमच्या खो-खोच्या सरांना फोन लावला. सर म्हणले, "जिंकल्या ते बघितलंच गं, पण ती पोरगी पाटीवरनं उठताना पहिलं पाऊल कुठलं टाकते ते बघितलंस का?" पाटी म्हणजे ग्राउंडच्या मधला आखलेला पट्टा, पाठलाग करणारे त्यावर बसतात. मी नव्हतं बघितलं. आज सकाळी हायलाइट्स लावून बघितलं.

फोन ठेवता ठेवता सर सहज बोलून गेले की घराला रंग काढायचाय, माळ्यावरची ट्रंक खाली आलीय, काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, डायऱ्या रद्दीत घाल म्हणतीय. म्हणलं सर, कुणाला हात लावू देऊ नका, मी रविवारी येते.

म्हणून ही नोंदवही आजपासून. काम एवढंच की सरांच्या सगळ्या डायऱ्यांचे फोटो काढायचे, त्यातल्या नोंदी शीटमध्ये भरायच्या आणि १ मेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात शाळेत मांडायच्या. सरांनी आमच्या शाळेत ३३ वर्षं भूगोल आणि शारीरिक शिक्षण शिकवलं, १९८४ च्या जूनपासून २०१७ ला ५८ पूर्ण होईपर्यंत, आणि रिटायर झाल्यावरही गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत रोज संध्याकाळी ग्राउंडवर होतेच.

२६ जानेवारी, रविवार

रात्रीच्या गाडीने निघाले, झेंडावंदनाला शाळेत पोचले. धाराशिव जिल्ह्यात खो-खोची शाळा म्हणली की लोक मोठ्या गावांची नावं घेतात, सारिका काळेंना २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून तर सगळ्यांनाच जिल्हा माहीत झालाय, पण आमच्यासारख्या आडगावच्या शाळाही तेवढ्याच वर्षांपासून खेळतायत.

ट्रंक उघडली. डायऱ्या एकाही वर्षाच्या विकत घेतलेल्या नाहीत, सगळ्या फुकट मिळालेल्या, कुठं बँकेची, कुठं खताच्या दुकानाची, कुठं पतसंस्थेची. जून ते मे अशी शाळेच्या वर्षाला एक. ३३ असायला पाहिजेत, हाताला ३१ लागल्या. १९८८ आणि १९८९ च्या वाळवीने खाल्ल्यात, उचलल्या तर हातात मातीच आली. सर काहीच बोलले नाहीत, ती माती त्यांनी पेपरात गोळा केली आणि बाहेर तुळशीच्या कुंडीत टाकून आले.

एक पान कसं आहे ते लिहून ठेवते. डावीकडे मुलांची नावं, वर तारखा, प्रत्येक चौकोनात एक आकडा. १.१०, ०.४५, २.०५. ही पळती, म्हणजे त्या दिवशी सरावात ते पोर आऊट न होता किती मिनिटं पळालं. आकड्याच्या शेजारी कधी कधी बारीक पेन्सिलीने एखादं अक्षर. पानाच्या तळाला फक्कीच्या, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीच्या, पिशव्यांचा हिशोब.

आणि नावं टीममधल्या बारा जणांचीच असतील असं मला वाटत होतं, तसं नाहीये. १९९१ च्या डायरीत एका पानावर ५४ नावं आहेत. ५४ पोरं रोज पळवायची आणि प्रत्येकाची वेळ घड्याळ लावून लिहायची, हे एकट्या माणसानं कसं केलं असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

स्कॅनिंगची पद्धत ठरली. स्कॅनर वापरायचा नाही, बांधणी उसवते. खिडकीपाशी टेबल, वर जुन्या शोकेसची काच, काचेखाली पान, मोबाईल स्टँडला उलटा टांगलेला, सकाळी नऊ ते साडेअकरा एवढाच उजेड चांगला मिळतो. फोटोचं नाव वर्ष-महिना-पान. गावातला आमच्या नंतरच्या बॅचचा एक पोरगा फोटो स्टुडिओ चालवतो, त्याने दोन रविवार फुकट द्यायचं कबूल केलंय. शीट भरायला माझा भाचा आणि मी. माझी वर्गातली मैत्रीण, ती आता झेडपीला शिक्षिका आहे, तिला सरांचं अक्षर आमच्यापेक्षा चांगलं लागतं.

आज चार डायऱ्या झाल्या. पहिल्या अर्ध्या तासाचे फोटो पुन्हा काढावे लागले, काचेत पंख्याची सावली येत होती.

ग्रुपवर थोडी वादावादी झाली. बऱ्याच जणांचं म्हणणं रंगीत स्मरणिका काढू, त्यात ढाली, चषक, सरांचे सत्काराचे फोटो. मी स्पष्ट सांगितलं की ढाली शाळेच्या कपाटात काचेआड आहेतच, ज्याला बघायच्या त्याने बघाव्यात, सरांचं आयुष्य या डायऱ्यांत आहे. दोघं-तिघं नाराज आहेत. असू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

नऊ डायऱ्या शीटमध्ये आल्या. भाचा इंग्लिश मीडियमचा, त्याला शब्दच कळेनात, म्हणून त्याला अंगणात उभं करून खेळ समजावून सांगितला. आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक उलट्या तोंडानं बसतात, नववा पाठलाग करतो. पळणारे तिघा तिघांच्या तुकडीनं येतात. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, पलीकडं जायचं असेल तर बसलेल्याला पाठीमागून हात लावून मोठ्यानं खो द्यायचा. पळणारा मात्र मधनं कुठूनही जाऊ शकतो. मग डायरीतले शब्द. "साखळी" म्हणजे बसलेल्यांच्या मधनं सापासारखं पळणं, "गोल" म्हणजे खांबाजवळ रिंगण करून पळणं, "हुल" म्हणजे हुलकावणी, "सूर" म्हणजे डाइव्ह, "खांब" लिहिलं असेल तर गडी खांबावर मारला. भाचा म्हणला, मावशी हा तर फुल्ल स्ट्रॅटेजीचा गेम आहे. म्हणलं मग.

अडकलोय ते पेन्सिलीच्या अक्षरांपाशी. तीनच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. "उ", "तो" आणि "ल". मैत्रिणीला वाटतं "उ" म्हणजे उशिरा आला. पण ज्यांच्यापुढं "उ" आहे त्यांची पळती त्या दिवशी कमी आहे, आणि उशिरा आलेल्याला सर घड्याळावर घ्यायचेच नाहीत, आधी ग्राउंडला फेऱ्या. "ल" म्हणजे लंगडत असावा असं भाच्याचं म्हणणं. सरांना विचारलं तर म्हणले, "ते माझं होतं, सोड." पुढं विचारायची हिंमत झाली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सरांचं रेकॉर्डिंग केलं, दोन तास दहा मिनिटं. ग्राउंड कसं केलं एवढ्या एकाच विषयावर ते सव्वा तास बोलले, आणि मला वाटतं सगळ्या प्रकल्पातलं हे सगळ्यात मोलाचं हाती लागलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

१९८४ ला सर आले तेव्हा शाळेला अनुदान नव्हतं, पगार कधी अर्धा कधी नाहीच, आणि ग्राउंड म्हणजे काळ्या मातीचं पडीक रान. काळी माती पावसात पायाला शेर शेर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जातो. सरांनी आधी नववीच्या वर्गाला ग्राउंडवर नेऊन भेगांत पट्टी घालून खोली मोजायला लावली आणि तिथंच मृदा हा धडा शिकवला. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, वाळली की आकसते म्हणून फाटते, कापसाला चांगली, पोरांच्या पायाला वाईट. मग दिवाळीच्या सुट्टीत वरची वीतभर माती काढली, पालकांच्या बैलगाड्या मागून टेकडीचा मुरूम आणला, तो पसरून त्यावर चाळलेली माती. चाळायला घरातल्या गव्हाच्या चाळण्या आणल्या पोरींनी, आयांच्या शिव्या खाल्ल्या. पाणी विहिरीवरनं रांग करून घागरींनी. रोलर नव्हता, गावातल्या जुन्या तेलाच्या घाण्याचा दगड पडून होता, त्याला लोखंडी कांब घालून आठ पोरं ओढायची.

दोन खांब बाभळीचे, सरांनी स्वतः तासलेले. जमिनीवर १२० सेंटिमीटर यायला पाहिजेत आणि गुळगुळीत पाहिजेत, कारण वेगात असताना गडी खांबाला एका हाताने धरून अख्खं अंग वळवतो, एवढी जरी शिलपट राहिली तरी तळवा फाटतो. सर सांगताना हात हवेत धरून दाखवत होते, जणू खांब समोरच आहे. म्हणले, "तीन दिवस काचेच्या तुकड्यानं घासला. मग काकूच्या गालाला लावून बघ म्हणलं." काकू आतनं म्हणाल्या, "लावला होता, खोटं नाही."

पाट्या आखायच्या सुतळीनं. मधली पाटी ३० सेंटिमीटरची, सुतळी दोन्हीकडून ताणून धरायची आणि फक्की डब्यातनं झटकत न्यायची, डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली. रोज. पाऊस पडला तरी, दुसऱ्या दिवशी परत. मी विचारलं रोज कशाला सर, सरावाला चार दिवस जुन्या रेषा चालल्या असत्या. तर म्हणले, "रेषा पुसट असली की फाऊल आहे का नाही यावर पोरं भांडतात, आणि जो घरात मोठ्यानं भांडायला शिकलेला असतो तो जिंकतो. रेष पांढरी असली की बारकं पोरगंही बोट दाखवू शकतं."

२२ फेब्रुवारी, शनिवार

कालपासून दहावीची परीक्षा सुरू. मैत्रीण सुपरव्हिजनला, १७ मार्चपर्यंत तिची मदत नाही. मी पुण्यात शीट तपासतेय. सरांनी ३ ला ६ सारखं काढलंय, १९९० पर्यंतचे सगळे आकडे परत बघावे लागणार.

९ मार्च, रविवार

अक्षरं सुटली. सर औषधाला बाहेर गेले होते, मी आणि काकू शेंगा फोडत बसलो होतो, टेबलावर डायरी उघडी. काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे उपाशी."

"उ" म्हणजे उपाशी. ते पोर सकाळपासून न खाता ग्राउंडवर आलंय. घरी आले की सर काकूंना आकडा सांगायचे, आज चार, आज सात. दुसऱ्या दिवशी डब्यात तेवढ्या भाकरी जास्त, नाहीतर गूळ-शेंगदाणे. मला ते शेंगदाणे आठवले. सगळ्यांना एक एक मूठ मिळायची आणि आम्हाला वाटायचं पळायला ताकद यावी म्हणून देतात. कुणाला दिले कुणाला नाही असं कधीच झालं नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही.

"तो" म्हणजे तोडीला. आमच्या भागातनं दसरा-दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मागं कुणी सांभाळणारं नसलं की लेकरंही बरोबर. डायरीत नोव्हेंबरच्या पानापासून काही नावांपुढं ओळीनं तो, तो, तो, आणि एप्रिलमध्ये परत आकडा. १९९२ च्या डायरीच्या मागच्या पानावर यादी आहे, कोण कुणाच्या आजीकडं राहिलं, कुणाला सरांनी स्वतःच्या घरी ठेवलं. तीन नावं. काकू म्हणाल्या तिघंही मागच्या खोलीत झोपायचे, एक रात्री घाबरून उठायचा. सरकारची हंगामी वसतिगृहं आमच्याकडं पुढं बऱ्याच वर्षांनी आली.

"ल" वर बोट ठेवल्यावर काकू जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "लग्न ठरतंय." फक्त पोरींच्या नावापुढं येतं ते अक्षर. आठवी, नववी, दहावी.

१६ मार्च, रविवार

आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. शीटला फिल्टर लावून "ल" असलेल्या ओळी बाजूला काढल्या. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की सुरू होतात आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी परत गर्दी. कोयता जोडीचा असतो ना, नवरा-बायको मिळून एक कोयता, जोडी असली तर उचल मिळते, म्हणून पोराचं आणि पोरीचं लग्न लवकर उरकायचं. कायद्यात १९७८ पासून मुलीचं वय १८ आहे. कायदा आमच्या गावात कुणी वाचला होता.

सरांशी आज सरळ बोलले. काकूंनी सांगितलं हे पण सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, नाही रागावले. म्हणले कळायचं कसं तर पोरगी सरावाला यायची पण सूर मारायची नाही, गुडघा-कोपर खरचटलं तर पाहुणे बघायला आल्यावर दिसेल म्हणून घरनं सांगितलेलं असायचं. पाचच सेकंदांत कळायचं, म्हणले, काल झेप घेणारी पोरगी आज हात आखडते.

मग सर त्या घरी जायचे. एकटे कधीच नाही, काकूंना घेऊन, संध्याकाळी जेवणवेळेच्या आधी. लग्नाचा विषय काढायचाच नाही. पोरीची पळती सांगायची. तुमची लेक तीन मिनिटं पळती, जिल्ह्यात या वयात एवढं कुणी पळत नाही, डिव्हिजनला गेली तर सर्टिफिकेट मिळेल, त्याचे दहावीला गुण वाढून मिळतात, पुढं पोलीस भरतीत खेळाडूला जागा असते. बाप आकड्यावर अडायचा, म्हणले. लेकीचं काहीतरी मोजलंय आणि ते चांगलं निघालंय हे त्याला कधी कुणी सांगितलेलं नसायचं. काही घरी चहा मिळाला, काही घरी उभं केलं नाही, एका घरी सरांच्या अंगावर कुत्रं सोडलं.

पुढं २००५ ला खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षणाचा जीआर आला तेव्हा त्याची झेरॉक्स खिशात ठेवून फिरायचे. २००५-०६ ची डायरी उघडली तर ती झेरॉक्स त्यातच आहे, घड्यांवर फाटलेली, मागनं चिकटपट्टी लावलेली.

आणि अजून एक नोंद, ही मला टाळता आली असती पण सरच म्हणले लिही. १९८६, ११ ऑगस्ट: "आज छडीने मारले. चूक." त्या पोराची ओळ तिथंच थांबते. तो परत शाळेत आला नाही. सर दोनदा त्याच्या घरी गेले, त्याने दार उघडलं नाही. त्यानंतरच्या डायऱ्यांत छडीचा उल्लेख नाही आणि मी १९९० ला पाचवीत आले तेव्हापासून सरांच्या हातात कधी छडी बघितली नाही, शिट्टी आणि घड्याळ एवढंच.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून दुपारी १९९३ च्या डायरीला बसलो. २९ सप्टेंबरला लिहिलंय, "विसर्जन. सराव नाही." ३० सप्टेंबरचं पान कोरं. पहाटे चारच्या आधी भूकंप झाला, किल्लारी, सास्तूर, सगळी दगडामातीची घरं झोपलेल्या माणसांवर आली. आमच्या गावात भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. मी आठवीत होते, अंगणात झोपायला लागलो तेवढं आठवतं.

पुढं दीड महिना पळतीचे आकडे नाहीत. त्याऐवजी याद्या आहेत: घोंगड्या, कंदील, ज्वारी किती पायली, दहावीची कुठली पोरं कुठल्या गावाला ढिगारे उपसायला गेली, कोण दोन दिवसांत परत आलं कारण त्याला ते बघवलं नाही. त्याच्यापुढं सरांनी काही शेरा मारलेला नाही, फक्त "घरी पोचवले".

जून १९९४ ला भूकंपातल्या गावांमधली काही मुलं आमच्या शाळेत आली, मामा-मावशीकडं राहायला. त्यातली एक आमच्या वर्गात होती. ती बोलायचीच नाही, वर्गात हजेरीला हात वर करायची. सरांनी तिला खो-खोला बसवलं. आता खो-खोत खो तोंडानं द्यावाच लागतो, नुसता पाठीला हात लावला तर चालत नाही, पंच फाऊल देतो. ती हात लावायची, खो म्हणायची नाही. मी पाटीवर तिच्या पुढं बसायचे, म्हणून मला नीट आठवतंय, पाठीवर नुसता गार हात यायचा आणि मी उठायचे. सरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तिचा हात लागला की उठायचं, फाऊल नाही. डायरीत तिच्या ओळीत पळतीच्या खाली वेगळा कॉलम आहे, त्यात रोज एक टिंब. जुलै टिंबं, ऑगस्ट टिंबं. १९ सप्टेंबर १९९४ ला टिंबाच्या जागी लिहिलंय "खो".

तो दिवस मला स्वतःला आठवत नाही, मी तिथं असणारच, पण आठवत नाही. सरांना विचारलं तर म्हणले, "तुम्ही कुणीच वळून बघितलं नाही, ते फार बरं केलंत."

६ एप्रिल, रविवार

"ल" च्या ओळींत माझ्याच वर्गातली एक आहे, नाव लिहीत नाही. नववीत, फेब्रुवारी १९९५. "ल", "ल", "ल" आणि मग कोरे चौकोन मेपर्यंत. खाली सरांच्या अक्षरात, "गेलो. उशीर झाला." ती आमच्यात सगळ्यात भारी साखळी पळायची. दहावीला ती नव्हती, आम्ही जिल्ह्याला हरलो.

तिचा नंबर मैत्रिणीनं शोधून काढला. ती इथून तीस-पस्तीस किलोमीटरवर राहते, पिठाची गिरणी चालवते, मोठा मुलगा आयटीआय झालाय. आज आली. सरांच्या पाया पडली, सर उठायला गेले तर गुडघ्यामुळं उठता येईना, तिनंच खांद्याला धरून बसवलं. डायरीचं पान दाखवावं की नाही हे मला कळत नव्हतं. तिनंच विचारलं, "माझं नाव आहे का गं यात? माझी पळती किती होती?"

दाखवलं. तिच्या केसांत अजून पीठ होतं. बोट ठेवून एक एक चौकोन वाचत गेली, दोन दहा, दोन पंचवीस, दोन दहा, दोन चाळीस. दोन चाळीसवर थांबली. सात मिनिटांच्या डावात ही एकटी दोन मिनिटं चाळीस सेकंद सापडली नव्हती. मग खालची ओळ वाचली आणि सरांकडं बघून म्हणाली, "तुम्ही आला होतात हे मला कुणी सांगितलं नाही, सर. मी आतल्या खोलीत होते." सर म्हणले, "तुझा बाप चांगला वागला माझ्याशी. चहा दिला. पण पत्रिका छापून झाल्या होत्या."

बराच वेळ कुणी बोललं नाही. काकूंनी पोहे आणले. जाताना तिनं त्या पानाचा फोटो मोबाईलवर मागितला, खालच्या ओळीसकट.

१३ एप्रिल, रविवार

मांडणीचं ठरवायला ग्रुपची मीटिंग. तिच्या येण्यानंतर माझं मत पक्कं झालंय. भिंतीवर कुणाच्याही नावासकट "उ", "तो", "ल" लावायचं नाही. लोकांची घरं अजून गावात आहेत, बाप म्हातारे झालेत. भिंतीवर फक्त ग्राउंडची गोष्ट, रेकॉर्डिंग, घड्याळ, फक्कीचा डबा, ३१ डायऱ्यांची कव्हरं आणि कोऱ्या केलेल्या नावांचं एक पान. ज्याला स्वतःची ओळ बघायचीय त्याला बाजूच्या वर्गात बसवून एकट्याला दाखवायची आणि हवी असेल तर प्रिंट द्यायची. स्मरणिकावाल्यांनीही याला लगेच हो म्हणलं, एकाने तर प्रिंटर आणायची जबाबदारी घेतली.

शाळेला आज पूर्णवेळ क्रीडा शिक्षक नाही. सर रिटायर झाल्यावर ते पद भरलंच गेलं नाही. गणिताचे एक तरुण सर हौसेनं संध्याकाळी मुलांना घेतात, पगारात त्याचं काही नाही. मेळाव्यात पैसे गोळा होतील तेव्हा पहिला खर्च मॅटचा करू असं काहींचं म्हणणं, कारण वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि मातीवर शिकलेली पोरं तिथं घसरतात. सरांना विचारलं. म्हणले मॅट घ्या, पण गुंडाळून ठेवायला खोली बघा आधी, उंदीर खातील. आणि आठवीपर्यंत मातीतच राहू द्या, सूर मारायला मातीच शिकवते.

२० एप्रिल, रविवार

शीट पूर्ण. शेवटची डायरी २०१६-१७. ३१ मे २०१७ च्या पानावर निरोपाबद्दल एक अक्षर नाही, फक्त सुट्टीत सरावाला आलेल्या अकरा मुलांची पळती आणि "फक्की संपली, २ पिशव्या आणणे".

माझी स्वतःची ओळ मी आज शेवटी बघितली. १.२०, १.०५, १.३०. मी कधीच पहिल्या नऊत नव्हते, बाकावर असायचे, तरी एक दिवस चुकलेला नाही. दोन ठिकाणी "उ" आहे. १९९२ चा तो आठवडा, आई दवाखान्यात होती तेव्हाचा, मला पक्का आठवतो.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

दिवसभर वर्ग लावले. वीज दोनदा गेली, प्रिंट अर्धवट, रात्री नऊला संपलं. संध्याकाळी गणिताच्या सरांनी उद्याच्या प्रदर्शनी सामन्यासाठी ग्राउंड आखायला घेतलं. सर खुर्चीवर बसून बघत होते. मधल्या पाटीची सुतळी एका बाजूनं बोटभर सरकली होती, लांबून मला तर दिसलीही नाही. सर म्हणले, "उत्तरेचं टोक सोड आणि परत धर."

१ मे, गुरुवार

सकाळी साडेसातलाच माणसं यायला लागली. दुपारपर्यंत बाजूच्या वर्गापुढं रांग होती, मी, भाचा आणि मैत्रीण आळीपाळीनं आत बसलो. कुणी हसत बाहेर आलं, कुणी मागच्या दारानं गेलं. गिरणीवाली मैत्रीण मुलाला घेऊन आली होती, तिनं त्याला ते पान मोठ्या स्क्रीनवर दाखवायला लावलं.

साडेचारला सामना, आताच्या मुली विरुद्ध माजी विद्यार्थिनी. माजींनी पहिल्यांदा पळायचं घेतलं. पहिल्या तुकडीत ती होती, साडीचा काष्टा मारून, अनवाणी. सरांनी गळ्यातलं जुनं घड्याळ काढलं, अंगठा बटणावर ठेवला, मांडीवर नवी डायरी, यंदाची, दूध डेअरीची. पंचांनी शिट्टी वाजवली.

एक मिनिट पाच. सरांनी लिहून घेतलं.